वलगणीचा आकडा कुठाय?

मेलेले मासे मोजायचं आपल्याकडे एकच एकक आहे. खच. 'कुंडलिकेत मृत माशांचा खच', 'खाडीकिनारी माशांचा खच'. बातमीत खच आणि पंचनाम्यात 'मोठ्या प्रमाणात'. वीस वर्षं या धंद्यात आहे, पण खच म्हणजे किती किलो, किती नग, कुठल्या जातीचे, हे एकाही पंचनाम्यात वाचलेलं आठवत नाही. मेलेल्यांची ही गत, तर जिवंत माशांचं विचारायलाच नको.

पोस्ट मोठी आहे मंडळी. सवडीने वाचा. पण मृग तोंडावर आला की दरवर्षी नाक्यावर एकच वाक्य ऐकू येतं, "आता पूर्वीसारखी वलगण राहिली नाही." हे खरं की खोटं, हे ठरवायचं कसं? त्यासाठी जरा मागे जायला लागेल. अगदी दोनशे वर्षं मागे.

आधी, बाहेरगावच्या वाचकांसाठी वलगण म्हणजे काय ते सांगतो. पहिला दमदार पाऊस पडला, ओढ्याला गढूळ पाणी आलं की नदीतले, डोहातले मासे उलटे वर चढायला लागतात. गाबोळीने भरलेले. ओढ्यातून पऱ्ह्यात, पऱ्ह्यातून मोरीतून शेतात. भाताच्या खाचरात वीतभर पाणी साचलेलं असतं, तिथे अंडी घालतात. पिल्लं खाचरातच वाढतात आणि ओसरत्या पाण्याबरोबर खाली नदीत जातात. काही भागांत यांना चढणीचे मासे म्हणतात. आपल्या खांब, देवकान्हे, कोलाड पट्ट्यात मळे, शिवडे, खवल्या, शिंगट्या, मुऱ्या. खाली पेण-उरणच्या खारपट्ट्यात गेलात की चिवणी. जूनमध्ये गाबोळीच्या चिवणीला काय भाव येतो ते बाजारात जाऊन विचारा. रात्रभर पावसात बॅटरी, पाग, झोळणी घेऊन अख्खं गाव बाहेर असतं. आणि हो, अहिराचा प्रवास बरोबर उलटा. तो गोड्या पाण्यात वाढतो आणि अंडी घालायला समुद्रात जातो.

आता इतिहास. १८२४ साली मुंबई सरकारने विल्यम हेन्री साइक्स नावाच्या लष्करी अधिकाऱ्याला दख्खनची आकडेवारी गोळा करायला नेमलं. हुद्दाच होता 'स्टॅटिस्टिकल रिपोर्टर'. गडी कामाचा. गावोगाव फिरून माणसं, जमिनी, पिकं, दर, सगळं मोजलं. त्याला निसर्गाचाही नाद होता. पुण्याच्या मुळा-मुठेतले आणि भीमेतले मासे त्याने गोळा केले आणि पुढे १८३९ ते १८४१ च्या काळात लंडनला त्यांची शास्त्रीय वर्णनं छापली. कोळ्यांना विचारून मराठी नावंच त्याने शास्त्राला दिली. आज जगभर ज्या महसीरला 'टॉर खुद्री' म्हणतात ती साइक्सची खुद्री. चढणीला येणारी आपली मुरीही त्याच्याच कागदावर 'मुरेह' म्हणून गेलेली आहे. हाच माणूस पुढे लंडनच्या सांख्यिकी संस्थेच्या संस्थापकांपैकी एक झाला, नंतर अध्यक्षही. म्हणजे बघा, ज्याचा पेशाच मोजण्याचा, त्याने मासे पाहिले, चितारले, त्यांना नावं दिली. मोजली ती माणसं.

त्याला दोष देण्यात अर्थ नाही. सरकार मोजतं ते ज्यावर सारा बसवायचा असतो ते. १८८३ मध्ये आपल्या कुलाबा जिल्ह्याचं गॅझेटियर निघालं, अकरावा खंड, कुलाबा आणि जंजिरा मिळून. त्यात जिल्ह्यातले नांगर, गाड्या, बैल, म्हशी यांचे आकडे आहेत. मोरीतून चढणाऱ्या माशावर कुणी सारा बसवला नाही, म्हणून तो कधी वहीत आला नाही.

एका माणसाने मात्र त्याच काळात नेमका प्रश्न विचारला होता. डॉ. फ्रान्सिस डे. मद्रासकडचा सैन्यातला डॉक्टर, पुढे देशभरच्या मत्स्यव्यवसायाचा महानिरीक्षक. दक्षिणेत कोलेरून नदीवर बांधलेल्या बंधाऱ्यांनी समुद्रातून वर येणाऱ्या माशांची वाट अडते, त्यांना वर जायला वाट ठेवा, असं तो सरकारला सांगत होता. त्याने प्रांतोप्रांतीच्या अधिकाऱ्यांना प्रश्न पाठवले आणि त्यांची उत्तरं १८७३ च्या अहवालात छापली. मासे वाढले की घटले? जाळ्याचं भोक किती बारीक? आणि पावसाळ्यात पाण्याच्या शेतात मासे अडकवून धरतात का? हा शेवटचा प्रश्न म्हणजे वलगणच की. दीडशे वर्षांपूर्वी!

पण उत्तरं आली ती कशी? घटले, वाढले, तसेच आहेत. आकडा नाही, मत. आज नाक्यावर जे ऐकू येतं तेच, फक्त साहेबाच्या अक्षरात.

या सगळ्या खटपटीतून १८९७ चा मत्स्य कायदा आला. नदीत सुरुंग लावायचा नाही, विष कालवायचं नाही, हे त्यात स्पष्ट आहे. जाळ्याचं माप, कायमचे सापळे, आडवे बांध यांवर नियम करायची मुभा प्रांतांना दिली. महाराष्ट्र झाल्यावर आपला १९६० चा कायदा आला. उन्हाळ्यात डोहात गेळ कुटून टाकणारे आणि हल्ली ब्लीचिंग पावडर ओतणारे यांनी हे दोन्ही कायदे वाचलेले नसावेत. असो.

समुद्राचं मात्र वेगळं झालं. १९४७ मध्ये केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था सुरू झाली. तिची माणसं बंदरांवर ठरवून दिलेल्या दिवशी जातात, ठरलेल्या होड्यांची म्हावरी जातवार मोजतात आणि त्या नमुन्यावरून अख्ख्या किनाऱ्याचा हिशोब मांडतात. म्हणून बोंबील घटला की पापलेट घटलं यावर वाद घालायला आकडा असतो. म्हणूनच पावसाळ्यात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना बंदी घालता येते आणि कुणी विचारलं तर कारण दाखवता येतं. हिमाचलसारख्या राज्यात गोड्या पाण्यालाही पावसाळ्यात दोन महिने विश्रांती असते. आपल्याकडे समुद्रातला मासा अंडी घालतो म्हणून बोटी किनाऱ्याला, आणि त्याच पंधरवड्यात गाबोळीची चिवणी टोपलीत. मी वलगणीवर बंदी मागत नाहीये, पुढे वाचा. गोड्या पाण्यातल्या माशांची सरकारी बेरीज होते ती मुख्यतः तलाव, धरणं, ठेके यांची. मोरीतला मळ्या त्या बेरजेत कुठे बसणार?

आता जरा लांब जाऊ. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर स्टीलहेड नावाचा मासा आहे. हिमाचलात टाक्यांमध्ये पाळतात तो रेनबो ट्राउट, त्याचाच भाऊबंद. जात तीच. नदीत जन्मतो, समुद्रात जातो, मोठा होतो आणि अंडी घालायला पुन्हा त्याच नदीत शेकडो किलोमीटर वर चढतो. थोडक्यात त्यांची वलगण, फक्त लांब पल्ल्याची. कोलंबिया नदीवर त्यांनी बॉनव्हिल धरण बांधलं तेव्हा बाजूने माशांसाठी पायऱ्या-पायऱ्यांची पाण्याची शिडी ठेवली. शिडीच्या एका अरुंद जागी काचेची खिडकी आहे. खिडकीमागे माणूस बसतो आणि समोरून गेलेला प्रत्येक मासा जातवार मोजतो. १९३८ पासून. त्या वर्षापासून आजपर्यंतचे आकडे कुणालाही घरबसल्या बघता येतात. कालपर्यंत किती चढले, मागच्या वर्षी याच तारखेपर्यंत किती होते, सगळं.

यात एक गंमत आहे. तिथे हॅचरीत वाढवून सोडलेले मासेही भरपूर असतात. सोडण्याआधी त्यांचा पाठीवरचा, शेपटीजवळचा छोटा पर कापतात. खिडकीतून पर दिसला तर रानचा, नाही दिसला तर बहुतेक हॅचरीचा. त्यामुळे एकूण आकडा बरा दिसत असतानाही रानचा स्टीलहेड किती खालावलाय ते कळत राहिलं. १९९७ मध्ये स्नेक नदीच्या स्टीलहेडला धोक्यातल्या जातींच्या यादीत घातलं ते असं. आपल्याकडे याचं उदाहरण म्हणजे चिलापी. बाहेरून आलेला मासा, कुठेही वाढतो. पाग टाकला, भरून आला, की आपण म्हणतो यंदा मासे बरे आहेत. जात मोजली नाही तर चिलापीच्या टोपलीखाली मळ्या कधी संपला ते कळणारही नाही.

पण मला खरं भिडलं ते शास्त्र नाही, कोर्ट. वॉशिंग्टन राज्यातल्या आदिवासी जमातींनी १८५० च्या दशकात सरकारशी करार केले होते. जमिनी दिल्या, मासेमारीचा हक्क राखून ठेवला. पुढे शंभर वर्षं त्यांनाच चोरटे मासेमार म्हणून पकडलं गेलं. १९७४ मध्ये न्यायाधीश जॉर्ज बोल्ट यांनी निकाल दिला. पकडण्याजोगे जेवढे सामन आणि स्टीलहेड असतील, त्यातले निम्मे जमातींचे. निम्मे म्हटलं की लगेच प्रश्न, कशाच्या निम्मे? म्हणजे दरवर्षी मोजणं आलं. आकडा नसता तर तो निकाल भिंतीवर फ्रेम करून लावायच्या लायकीचा राहिला असता, पोट भरायच्या नाही.

पुढची गोष्ट तर खास आपल्या खांबसाठी आहे. त्याच जमातींनी २००१ मध्ये राज्याविरुद्ध दावा लावला. विषय होता रस्त्याखालच्या मोऱ्या! राज्याने हायवे बांधताना मोऱ्यांचे पाईप असे टाकले की मासा वर चढू शकत नाही. कुठे पाईपचं तोंड पाण्याच्या वर लटकतंय, कुठे आत पाण्याचा जोर फार. मासेच वर जाणार नसतील तर निम्म्या वाट्याचा उपयोग काय, असा युक्तिवाद. कोर्टाने राज्याला मोऱ्या दुरुस्त करायला सांगितलं. प्रकरण वर जात जात सर्वोच्च न्यायालयात पोचलं आणि २०१८ मध्ये तिथे चार विरुद्ध चार अशी बरोबरी झाली. बरोबरी झाली की खालचा निकाल कायम. एका मोठ्या राज्याला शेकडो मोऱ्या नव्याने बांधायला लागल्या, माशांसाठी.

आता आपला हायवे आठवा. पळस्पे ते इंदापूर, ८४ किलोमीटर, काम सुरू झालं २०११ च्या अखेरीस. त्यावर आपण किती लिहिलं, किती आंदोलनं झाली! खड्डे, धूळ, अपघात, मोबदला, रखडलेले पूल, सगळ्यावर. मोऱ्यांवर कुणी काही बोललं नाही. खांबच्या आसपास हायवेखालून आणि आतल्या रस्त्यांखालून पाणी जातं त्या मोऱ्या उन्हाळ्यात वाकून बघा. जुन्या दगडी मोरीचा तळ ओढ्याच्या तळाशी सपाट असायचा. नव्या सिमेंट पाईपांत काहींची खालची कड ओढ्यापासून हात-दीड हात वर आहे, आणि खाली पाणी पडून पडून खड्डा झालाय. वीतभर मळ्याला तो धबधबाच. तो तिथेच घुटमळतो, आणि तिथेच झोळणी लावून माणूस बसलेला असतो. एका मोरीवर मासे 'खूप' मिळतात आणि वरच्या शेतात एक नाही, याचं कारण हे.

मोरी हे एक कारण. दुसरी काय कमी आहेत? खाचरात मारलेलं तणनाशक. पडीक टाकलेली, भराव घातलेली शेतं, म्हणजे अंडी घालायची जागाच गेली. धाटावची एमआयडीसी. केंद्रीय प्रदूषण मंडळाने २०१८ मध्ये देशातले ३५१ प्रदूषित नदीपट्टे काढले, त्यातले ५३ एकट्या महाराष्ट्रात, आणि कुंडलिका त्यात आहे. त्याशिवाय पाण्याचा खेळ. १९२७ पासून मुळशीचं पाणी डोंगर फोडून भिऱ्याला येतं, वीज करून कुंडलिकेत पडतं. त्या पाण्यामुळे आपली नदी उन्हाळ्यात वाहते, डोलवहाळच्या बंधाऱ्यावरून कालवे निघतात, दुबार भात होतं, सकाळी राफ्टिंग चालतं. हे सगळं मान्य. पण नदी आता विजेच्या मागणीप्रमाणे चढते-उतरते. मासा चढायची वेळ आभाळावरून ओळखतो, ग्रीडवरून नाही.

यातलं कुठलं कारण किती? कारखानदार म्हणणार, गावकरीच गाबोळीचे मासे धरतात. गावकरी म्हणणार, केमिकल. हायवेवाले म्हणणार, आमचा काय संबंध. शेतकऱ्याला विचारलं तर तो विजेच्या शॉकने मासे मारणाऱ्या पोरांकडे बोट दाखवणार. प्रत्येकाचं थोडं खरं आहे, आणि आकडा नाही तोवर प्रत्येक जण सुटतो. माझं सरळ मत सांगतो, आकडा नसणं हे इथे सगळ्यांच्या सोयीचं आहे. फक्त दोघांच्या नाही, माशाच्या आणि जूनमध्ये त्यावर चूल पेटणाऱ्यांच्या.

ही चूल मुख्यतः कातकऱ्यांची. वीटभट्ट्या, कोळशाच्या भट्ट्या पावसाआधी बंद होतात, माणसं वाडीवर परत येतात. लावणीचं काम सुरू व्हायला वेळ असतो, हातात पैसा नसतो. त्या पंधरा-वीस दिवसांत ओढ्यातला मासा म्हणजे हौस नाही, जेवण आहे. म्हणून वर म्हटलं, वलगण बंद करा असं मी म्हणणार नाही. उलट २००६ च्या वनहक्क कायद्यात पाणवठ्यांतल्या माशांवरचा सामूहिक हक्क स्पष्ट शब्दांत दिलेला आहे. वाडीने दावा करावा. पण बोल्टसाहेबांपुढचाच प्रश्न इथेही येणार. हक्क मिळाला, मासे किती?

आकडा नसला की काय होतं ते उरणला दिसलं. बंदराच्या कामांमुळे खाडीतली मासेमारी बुडाली म्हणून पारंपरिक मच्छीमार हरित लवादात गेले. फेब्रुवारी २०१५ मध्ये लवादाने १,६३० कुटुंबांना ९५ कोटी १९ लाखांची भरपाई द्यायला सांगितलं, कुटुंबामागे ५ लाख ८४ हजार. मोठा निकाल, पुढे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गाजलेला. पण गुणाकार बघा. कुटुंबं गुणिले रुपये. चिवणी किती गेली, ती परत यायला काय करायचं, हे त्या गुणाकारात येत नाही.

कुणी म्हणेल, लोक जैवविविधता नोंदवही आहे की. २००२ च्या कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीला जैवविविधता समिती आणि नोंदवही बंधनकारक आहे. बरोबर. पण लवादाने ३१ जानेवारी २०२० ची मुदत घातली, नाहीतर राज्याला दरमहा दहा लाखांचा दंड, म्हटल्यावर सगळीकडे वह्या धडाधड भरल्या गेल्या. तुमच्या ग्रामपंचायतीत जाऊन मागा. माशांचं पान उघडा. नावं असतील. साइक्सनेही नावंच लिहिली होती.

मग मोजायचं कसं? आपल्याकडे काचेची खिडकी नाही. पण खिडकीचं काम काय, तर माशाला एका अरुंद जागेतून जायला लावणं. ती जागा आपल्याकडे आहे, मोरी. अलास्कात नदीकाठी मचाण बांधून तासातली फक्त दहा मिनिटं मोजतात आणि सहाने गुणतात. तळाला पांढरे पत्रे अंथरतात म्हणजे वरून जाणारा मासा उठून दिसतो. आपली अडचण अशी की वलगण रात्री चढते, धो धो पावसात, आणि पाणी चहासारखं. तिथे पत्र्याचाही उपयोग होणार नाही. डोहातले मासे मोजायची एक वेगळी रीत आहे, डेन्मार्कच्या पीटरसनची. शंभर मासे धरायचे, शेपटीच्या पराला खूण करून सोडायचे. काही दिवसांनी पुन्हा शंभर धरायचे. त्यात दहा खुणेचे आले तर डोहात साधारण हजार. पण ही रीत साचलेल्या पाण्याची. येणाऱ्या-जाणाऱ्या माशाला ती लागू पडत नाही.

आपल्याला जमणारी गोष्ट साधी आहे. एक माणूस, एक झोळणं, एक तास, किती मासे आले. दरवर्षी त्याच मोरीवर, त्याच मापाचं झोळणं, पहिल्या मोठ्या पावसानंतरच्या तीन रात्री. यातून नदीत एकूण मासे किती ते कळणार नाही. पण यंदा गेल्या वर्षीपेक्षा कमी की जास्त, हे कळेल, आणि दहा वर्षांची अशी वही असली तर तिच्यापुढे कुणाला 'मोठ्या प्रमाणात' म्हणून सुटता येणार नाही. मोजून झालेले मासे घरी न्या, खा. फक्त मोजलेल्यांतल्या गाबोळीच्या चार तरी मोरीच्या वरच्या अंगाला सोडा, एवढी विनंती.

खांब, देवकान्हे, चिल्हे, तळवली भागातल्या ज्यांना यंदा हे करायचंय त्यांनी खाली कमेंटमध्ये आपली मोरी लिहा. मोरीची जागा लिहा, माणसाचं नाव नको. वहीत सहा रकाने पुरेत. तारीख आणि वेळ, मोरी, पाऊस कसा होता, जात, नग, त्यातले गाबोळीचे किती. जातीचं नाव तुमच्या वाडीवर म्हणतात तेच लिहा, पुस्तकातलं नको. चिलापीचा रकाना वेगळा. चिंगळ्या मोजत बसू नका, मापाने लिहा.